परवान्याचं पिस्तूल चुकून दिसलं तर? अमेरिकेतल्या नवख्या परवानाधारकांसाठी

दुकानात खालच्या फळीवरचा तेलाचा डबा घ्यायला तुम्ही कमरेतून वाकलात, टी-शर्ट चार बोटं वर सरकला आणि उजव्या कमरेवरच्या पिस्तुलाची मूठ मागे उभ्या असलेल्या बाईंना दिसली. परवाना खिशात आहे, पिस्तूल रीतसर घेतलेलं आहे, कुणाला दाखवायचा विचारही मनात नव्हता. मग गुन्हा झाला का?

याचं उत्तर राज्यागणिक वेगळं आहे आणि काही राज्यांत ते गेल्या पंधरा वर्षांत दोन-तीनदा बदललं आहे. तरी एक गोष्ट बहुतेक सगळीकडे सारखी आढळते. कपडा सरकून पिस्तूल दिसलं एवढ्यावर खटला क्वचित उभा राहतो. दिसल्यानंतर तुमचा हात कुठे गेला आणि तोंडातून काय निघालं, यावर तो उभा राहतो. म्हणून कायदा समजून घ्यायचाच, पण हाताला वळणही लावून घ्यायचं.

आधी स्वतःचं स्टेटस बघा

हे मराठी घरांत सगळ्यात जास्त दुर्लक्षिलं जातं. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन, बी-टू हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसे. अशा व्हिशावर देशात आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हाच फेडरल गुन्हा आहे. कलम ९२२(जी)(५)(बी), आणि २०२२ पासून कमाल शिक्षा १५ वर्षं. शिकारीचा परवाना असेल तर अपवाद मिळतो, हे खरं आहे. पण रोज कमरेला पिस्तूल लावून हिंडण्यासाठी त्या अपवादावर कुणी विसंबू नये. अशा माणसाचं पिस्तूल दुकानात दिसलं, तर 'चुकून दिसलं' हा बचाव कामाचाच नाही, कारण गुन्हा दिसण्याचा नसून बाळगण्याचा असतो.

याच नियमामुळे सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना हौसेने रेंजवर नेऊन 'एक गोळी मारून बघा' म्हणणं अडचणीत आणू शकतं. ते बी-टू व्हिशावर असतात आणि त्यांच्या हातात पिस्तूल देणाऱ्यालाही वेगळं कलम लागतं.

ग्रीन कार्डवाल्यांना पिस्तूल बाळगता येतं आणि बऱ्याच राज्यांत परवानाही मिळतो. पण त्यांच्यावर एक टांगती तलवार असते. इमिग्रेशन कायद्याच्या २३७(ए)(२)(सी) या कलमानुसार बंदूक बेकायदा बाळगणं, वापरणं, नेणं यांपैकी कशातही दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढता येतं. गुन्हा मोठा असण्याची अट नाही, मिसडिमीनर, म्हणजे किरकोळ गुन्हाही पुरतो. नागरिक असलेल्या शेजाऱ्याला जिथे दोनशे डॉलर दंड भरून सुटता येतं, तिथे ग्रीन कार्डवाल्याने तोच दंड कबूल करण्याआधी दहादा विचार करायला हवा. टेक्ससमध्ये तर 'डिफर्ड ॲडज्युडिकेशन (गुन्हा कबूल करून दोषी ठरवणं लांबणीवर टाकणं) घ्या, रेकॉर्डवर काही राहत नाही' असा सल्ला सर्रास मिळतो. राज्याच्या कायद्यापुरता तो बरोबर असेलही, पण इमिग्रेशनच्या नजरेत गुन्हा कबूल केला आणि त्यावर काही बंधन घातलं गेलं की ते दोषी ठरणंच असतं. २०१० च्या पॅडिला विरुद्ध केंटकी या निकालापासून फौजदारी वकिलाने हे परिणाम अशिलाला सांगणं बंधनकारक आहे. त्याने आपणहून सांगितलं नाही तर तुम्ही विचारा.

आकार उमटणं, दिसणं आणि दाखवणं

या तीन गोष्टींची गल्लत करू नका.

आकार उमटणं म्हणजे पिस्तूल पूर्ण झाकलेलं आहे, पण मुठीचा कोपरा शर्टातून कळतो. याला इथे प्रिंटिंग म्हणतात. नवख्यांना याचीच सगळ्यात जास्त धास्ती असते आणि कायद्याच्या दृष्टीने हीच बाब सगळ्यात किरकोळ आहे. फुगवटा दिसला म्हणून परवानाधारकावर खटला भरण्याइतकं कलम बहुतेक राज्यांत नाहीच. इलिनॉयने तर २०१३ च्या कायद्यात व्याख्याच अशी केली की पिस्तूल 'पूर्णपणे किंवा बहुतांशी' झाकलेलं असावं.

दिसणं म्हणजे कपडा सरकला, वाऱ्याने जॅकेट उडालं, आणि धातू किंवा मूठ उघडी पडली. राज्याराज्यांत फरक पडतो तो इथे.

दाखवणं म्हणजे ब्रँडिशिंग. कुणाला घाबरवण्यासाठी शर्ट वर करणं, मुठीवर हात ठेवून बोलणं, पिस्तूल बाहेर काढणं. हा पन्नासही राज्यांत कोणत्या ना कोणत्या कलमाखाली गुन्हा आहे, मग उघडं पिस्तूल तिथे चालत असो वा नसो. परवाना याला संरक्षण देत नाही. उलट अशा प्रकरणात सगळ्यात आधी तोच जातो.

राज्यांचे नियम

टेक्सस. इथला इतिहास माहीत असला तर जुन्या सल्ल्यांनी फसगत होत नाही. १९९६ मध्ये परवाने सुरू झाले तेव्हा 'जाणूनबुजून न झाकणं' हा गुन्हा होता. वाकल्यावर शर्ट सरकला तर ते जाणूनबुजून झालं की नाही, यावर घोळ व्हायचा. १ सप्टेंबर २०१३ पासून शब्द बदलले: सार्वजनिक जागी दुसऱ्याला स्पष्ट दिसेल असं पिस्तूल 'जाणूनबुजून प्रदर्शित करणं' हाच गुन्हा उरला. १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकांना कमरेच्या किंवा खांद्याच्या होल्स्टरमध्ये उघडं पिस्तूल बाळगायची मुभा आली. १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला परवान्याचीही गरज उरली नाही आणि होल्स्टर कोणत्या प्रकारचं हवं ही अटही गेली. आज टेक्ससमध्ये पिस्तूल होल्स्टरमध्ये असेल आणि थोडं किंवा पूर्ण दिसलं, तर कलम ४६.०२ खाली तो गुन्हा नाही. होल्स्टरशिवाय पँटीत खोचलेलं किंवा गाडीच्या सीटवर उघडं ठेवलेलं पिस्तूल ही मात्र वेगळी गोष्ट. सूट मिळते ती होल्स्टरमधल्या पिस्तुलालाच, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

टेक्ससमधली खरी डोकेदुखी दारावरच्या पाट्यांची. ३०.०६ ची पाटी परवानाधारकाला झाकलेलं पिस्तूल आत आणू नका म्हणते, ३०.०७ ची पाटी उघडं आणू नका म्हणते. दोन्ही इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत आणि पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या रंगात असाव्या लागतात. बरीच दुकानं फक्त ३०.०७ लावतात, म्हणजे झाकून आलात तर त्यांची हरकत नसते. अशा दुकानात शर्ट सरकला आणि कुणी म्हणालं 'बाहेर जा', तर निघायचं. पाटी मोडल्याचा गुन्हा क्लास सी, म्हणजे दोनशे डॉलरपर्यंत दंड. तोंडी सांगूनही हटला नाहीत तर तो क्लास ए होतो, आणि त्यात एक वर्षापर्यंत तुरुंगवास आहे. पाटी चुकीची आहे, अक्षरं लहान आहेत, हा वाद काउंटरवर घालायचा नसतो.

फ्लोरिडा. इथे २०११ मध्ये ७९०.०५३ या कलमात नेमका आपल्या प्रश्नासाठी बदल झाला: कायदेशीरपणे झाकून बाळगणाऱ्याचं पिस्तूल क्षणभर उघड दिसलं तर तो भंग नाही, फक्त ते रागाने किंवा धमकीच्या सुरात मुद्दाम दाखवलेलं नसावं. 'क्षणभर' हा शब्द मात्र फार ताणू नका. २०१२ मध्ये फोर्ट पिअर्स इथे नुकताच परवाना मिळालेला एक माणूस होल्स्टर उघडं ठेवून रस्त्याने चालत होता. त्याला या सवलतीने वाचवलं नाही आणि २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही निकाल कायम ठेवला. हा नॉर्मन खटला. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या फर्स्ट डिस्ट्रिक्ट अपील न्यायालयाने उघडं पिस्तूल बाळगण्यावरची बंदीच घटनाबाह्य ठरवली आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलने तो निकाल राज्यभर लागू असल्याचं जाहीर केलं. म्हणून काही जण म्हणतात, आता फ्लोरिडात काळजीच नाही. ते चूक आहे, कारण ७९०.१० तसंच आहे: उद्धट, बेपर्वा, रागीट किंवा धमकीच्या पद्धतीने शस्त्र दाखवणं. यातला 'बेपर्वा' हा शब्द नवख्यांना पकडतो. रेस्टॉरंटच्या टेबलाशी बसून मित्राला नवं पिस्तूल बाहेर काढून दाखवलं, तर राग नाही, धमकी नाही, पण बेपर्वाई आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत तुरुंगवास आणि एक हजार डॉलरपर्यंत दंड.

न्यू जर्सी. एडिसन, प्लेन्सबोरो, जर्सी सिटी या भागात मराठी वस्ती दाट आहे आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालानंतर इथे परवाने मिळू लागल्याने नवे परवानाधारकही बरेच. डिसेंबर २०२२ च्या कायद्याने परवाना फक्त झाकून बाळगण्यापुरता ठेवला. चुकून दिसण्याबद्दल मात्र स्पष्ट वाक्य आहे: होल्स्टरमध्ये घालता-काढताना किंवा शरीराची स्थिती वा कपडे सरकल्याने पिस्तूल थोडा वेळ, ओघात दिसलं तर ते 'डी मिनिमिस', म्हणजे दखल घेण्याइतकं नसलेलं उल्लंघन मानावं. ऐकायला दिलासादायक आहे. पण डी मिनिमिसचा उपयोग खटला न्यायाधीशापुढे गेल्यावर तो काढून टाकण्यासाठी होतो. पोलिसाने रस्त्यावर तुम्हाला थांबवू नये, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

याच कायद्यात 'असमर्थनीय प्रदर्शन' हा चौथ्या दर्जाचा गुन्हा आहे: १८ महिन्यांपर्यंत तुरुंगवास, दहा हजार डॉलरपर्यंत दंड. होल्स्टरशिवाय पिस्तूल बाळगणं, दारू पिताना बाळगणं आणि एका वेळी दोनपेक्षा जास्त बंदुका जवळ ठेवणं हेही त्याच पंक्तीत. होल्स्टरचीही व्याख्या आहे: पिस्तुलाचा मुख्य भाग झाकणारं, ते एका जागी धरून ठेवणारं आणि पूर्ण बसल्यावर ट्रिगरपर्यंत बोट जाऊ न देणारं. बाजारातल्या कापडी, सैल, कुठल्याही पिस्तुलाला बसणाऱ्या पिशव्या या व्याख्येत बसतीलच असं नाही. आणखी एक: न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याही राज्याचा परवाना मानत नाही. पेनसिल्व्हेनियाचा परवाना घेऊन डेलावेर नदीचा पूल ओलांडलात की तुम्ही विनापरवाना झालात.

व्हर्जिनिया. उघडं पिस्तूल बाळगणं मुळात कायदेशीर असल्याने शर्ट सरकण्याने सहसा काही बिघडत नाही. लक्ष ठेवायचं ते १८.२-२८२ वर: दुसऱ्याच्या मनात वाजवी भीती निर्माण होईल अशा रीतीने शस्त्र दाखवणं वा धरणं. क्लास वन मिसडिमीनर, १२ महिन्यांपर्यंत कैद. शाळेच्या आवारात किंवा हजार फुटांच्या आत झालं तर फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा.

इलिनॉयचं वर आलंच; उघडं पिस्तूल तिथे चालत नाही, पण 'बहुतांशी' या शब्दामुळे श्वास घ्यायला जागा आहे. कॅलिफोर्नियात कलम ४१७ 'उद्धट, रागीट किंवा धमकीच्या पद्धतीने' शस्त्र दाखवण्याबद्दल आहे. ॲरिझोनात उलटी सोय आहे: स्वसंरक्षणासाठी शस्त्र आहे असं सांगणं किंवा दाखवणं केव्हा योग्य, याचं स्वतंत्र कलम १३-४२१ आहे. तरी समोरून बेकायदा बळाचा धोका आहे असं वाजवीपणे वाटलेलं असायला हवं.

तुमचं राज्य यात नसेल तर राज्य विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मूळ कलम उघडा आणि पाच गोष्टी हुडका. झाकलेलं पिस्तूल याची व्याख्या. 'जाणूनबुजून' असा शब्द आहे की नाही. होल्स्टरची अट. ब्रँडिशिंगच्या कलमातली विशेषणं. आणि पोलिसाला आपणहून सांगायचं की विचारल्यावर. यूट्यूबवरचा व्हिडिओ किती साली टाकलाय ते बघितल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नका.

जिथे चुकून दिसलं हा बचावच नसतो

काही ठिकाणी पिस्तूल नेणं हाच गुन्हा असतो. तिथे ते दिसण्याने फक्त तुम्ही पकडले जाता. फेडरल इमारती, न्यायालयं, विमानतळावरच्या तपासणीच्या पुढचा भाग, आणि शाळा. शाळेचं मुद्दाम सांगायला हवं, कारण आपली मराठी शाळा, गणेशोत्सव, दिवाळीचा कार्यक्रम, नाटकाचा प्रयोग हे सगळं बऱ्याच गावांत शनिवार-रविवारी भाड्याने घेतलेल्या पब्लिक स्कूलच्या सभागृहात होतं. सुट्टीचा दिवस आहे, मुलं नाहीत, आपलाच कार्यक्रम आहे, असं वाटतं. इमारत शाळेचीच राहते. टेक्ससमध्ये शाळेच्या इमारतीत पिस्तूल नेणं थर्ड डिग्री फेलनी आहे. कार्यक्रमाच्या निमंत्रणावर पत्ता हायस्कूलचा दिसला की पिस्तूल घरच्या तिजोरीतच राहू द्यावं.

त्यातून अंगात कुर्ता असतो. कुर्त्याच्या बाजूच्या चिरा नेमक्या कमरेवर, जिथे बहुतेक उजव्या हाताचे लोक पिस्तूल लावतात, तिथेच उघडतात. पंगतीत बसताना, फुगडी घालताना, आरतीला हात वर करताना मूठ बाहेर येणारच. कुर्त्यावर बाजूचं होल्स्टर घालूच नका.

घराबाहेर पडण्यापूर्वी

होल्स्टर तुमच्याच मॉडेलसाठी साच्यात केलेलं हवं. कायडेक्स नावाचं कडक प्लास्टिक किंवा जाड चामडं, दोन्ही चालतं. कायडेक्सचा फायदा असा की तोंड मिटत नाही, एका हाताने पिस्तूल परत बसवता येतं. चामडं अंगाला मऊ, पण काही वर्षांनी त्याचं तोंड सैल होतं आणि दुमडलेली कड ट्रिगरवर दाब देऊ शकते. तसं झालं की ते होल्स्टर निकाली काढायचं. पट्टा साधा ऑफिसचा नको. दीड इंच रुंद, आत कडक थर असलेला घ्या. नवख्यांचं पिस्तूल दिसतं ते बहुतेक वेळा पट्ट्यामुळे. वजनाने पट्टा झुकतो, मूठ अंगापासून बाहेर कलते आणि शर्ट तिच्यावर अडकून वरच राहतो. गाडीतून उतरल्यावर शर्ट मुठीमागे अडकलेला असतो आणि माणसाला पत्ताच नसतो.

मूठ बाहेर येत असेल तर होल्स्टरला क्लॉ नावाचा छोटा दांडा बसवतात. तो पट्ट्याला आतून रेटतो आणि मूठ पोटाकडे वळवतो. कमरेच्या मागच्या बाजूला, घड्याळाच्या चारच्या जागी लावत असाल तर पुढे थोडा, साधारण पंधरा अंशांचा कल द्या. मूठ पाठीच्या वळणात बसते. मात्र याच जागी वाकल्यावर सगळ्यात आधी ती उघडी पडते. पोटापुढे लावलं तर वाकताना झाकलेलं राहतं, पण बसताना टोचतं आणि होल्स्टरमध्ये घालताना नळी मांडीकडे असते. त्यामुळे घाईत परत घालण्याची सवय अजिबात नको.

मग आरशासमोर, पिस्तूल रिकामं करून आणि चेंबर डोळ्यांनी व बोटाने तपासून, तोच शर्ट घालून एवढं करा: दोन्ही हात डोक्यावर न्या, कमरेतून वाका, गुडघ्यांतून बसा, खुर्चीत बसून उठा, गाडीचा सीटबेल्ट लावा आणि काढा, मूल उचलल्यासारखं काहीतरी कडेवर घ्या. हात वर केल्यावर पट्ट्याच्या खाली निदान वीतभर कापड उरायला हवं. मूल कडेवर घेतलं की शर्ट हमखास वर ओढला जातो. पिस्तुलाच्या बाजूला मूल घ्यायचंच नाही. यात एकही चाचणी फसली तर शर्ट बदला. अंगठ्याने शर्ट खाली ओढत हिंडण्याची सवय लागली, तर पिस्तूल न दिसताही लोकांना कळतं.

स्वच्छतागृह ही सगळ्यात धोक्याची जागा. शेजारच्या केबिनच्या फटीतून दिसलं, टॉयलेट पेपरच्या पेटीवर ठेवून विसरलं, हुकला ट्रिगर गार्डमधून टांगलं, असे प्रकार होतात. नियम एकच: पिस्तूल होल्स्टरमधून काढायचं नाही. पट्टा सोडला तरी पँट गुडघ्याच्या वर धरून ठेवा, पट्ट्याचं बकल पुन्हा सैलसर अडकवा म्हणजे होल्स्टर उलटं होत नाही. होल्स्टर काढावंच लागलं तर पिस्तुलासकट पूर्ण काढून, उतरवलेल्या पँटीच्या खोळीत, पायांच्या मध्ये ठेवायचं. उठताना ते तिथेच असतं, विसरता येत नाही.

दिसलं! आता काय

१. शर्ट खाली ओढा. कापड धरा, पिस्तूल नाही. शक्यतो दुसऱ्या हाताने, तळवा उघडा. पिस्तूल नीट बसलंय का हे मुठीला हात लावून तपासू नका. बघणाऱ्याला हात पिस्तुलाकडे गेलेला दिसतो आणि ९११ वर तो तेवढंच सांगतो.

२. कुणाचं लक्ष नसेल तर तिथेच विषय संपला. शांतपणे पुढे चला.

३. कुणी पाहून दचकलं तर एक वाक्य पुरे: सॉरी, माझ्याकडे परवाना आहे. आवाज हळू, हात समोर. सेकंड अमेंडमेंटवर भाषण नको. 'घाबरू नका, मी वापरणार नाही' हे वाक्यही नको. ऐकणाऱ्याला त्यात वापरण्याची शक्यताच ऐकू येते.

४. कर्मचाऱ्याने बाहेर जायला सांगितलं तर सामान आहे तिथे ठेवा आणि निघा. पैसे परत, मॅनेजर, पाटी, काही नाही.

५. पिस्तूलच खाली पडलं तर झेलायला जाऊ नका. आजची बहुतेक पिस्तुलं पडल्याने उडत नाहीत; घाईत धरताना बोट ट्रिगरमध्ये जाऊन उडतात. पडू द्या. मग हळू वाका, तर्जनी सरळ ठेवून मुठीने उचला, नळी जमिनीकडे ठेवून होल्स्टरमध्ये घाला, झाका आणि बाहेर पडा. होल्स्टरमधून पिस्तूल आपोआप निसटलं याचा अर्थ त्याची पकड सैल आहे. कायडेक्सवर बहुधा छोटा स्क्रू असतो, तो घट्ट करेपर्यंत ते वापरू नका.

पोलीस आले तर

कुणी ९११ ला फोन केला असेल तर येणाऱ्या अधिकाऱ्याला एवढंच माहीत असतं: 'बंदूकवाला माणूस'. परवान्याची माहिती त्याच्यापर्यंत पोचलेली नसते. दोन्ही हात रिकामे आणि दिसतील असे ठेवा. फोन हातात असेल तर खाली ठेवा. काळ्या रंगाची कुठलीही वस्तू दुरून वाईट दिसते.

न्यू जर्सी, मिशिगन आणि नॉर्थ कॅरोलिनात आपणहून सांगणं बंधनकारक आहे. टेक्ससमध्ये ओळखपत्र मागितल्यावर परवानाही द्यायचा, फ्लोरिडा आणि व्हर्जिनियात मागितल्यावर, इलिनॉयमध्ये अधिकाऱ्याने विचारल्यावर. बंधन नसलं तरी त्यांना आधीच 'बंदूक' कळलेली असते, तेव्हा सांगून टाकणं बरं. वाक्याचा क्रम महत्त्वाचा आहे. सुरुवात 'गन' या शब्दाने करू नका. 'माझ्याकडे परवाना आहे, पिस्तूल उजव्या कमरेवर होल्स्टरमध्ये आहे, मी हात हलवत नाही, तुम्ही सांगाल तसं करतो.' मग थांबा. परवाना पाकिटात आणि पाकीट पिस्तुलाच्याच बाजूच्या खिशात असेल तर तेही बोलून दाखवा. खरं तर पाकीट पहिल्या दिवसापासून दुसऱ्या खिशात ठेवायचं.

हे किती गंभीर आहे ते मिनेसोटातल्या फिलँडो कॅस्टीलच्या प्रकरणावरून कळतं. ६ जुलै २०१६ रोजी फॅल्कन हाइट्स इथे गाडी थांबवल्यावर त्याने सभ्य शब्दांत आपल्याकडे शस्त्र असल्याचं सांगितलं. परवाना होता. काही सेकंदांत अधिकाऱ्याने गोळ्या झाडल्या. पुढे ज्युरीने त्या अधिकाऱ्याला निर्दोष सोडलं. तेव्हा गाडीत असाल तर इंजिन बंद, आतला दिवा चालू, काच खाली, दोन्ही हात स्टीअरिंगवर. ग्लोव्ह बॉक्समध्ये रजिस्ट्रेशन आणि तिथेच पिस्तूल, अशी मांडणी कधीच करू नका.

अधिकारी पिस्तूल मागेल तर स्वतः काढून देऊ नका. 'तुम्हीच काढा' म्हणा आणि हात वर ठेवा. चौकशीत नाव, पत्ता, परवाना द्या. 'मी वाकलो, शर्ट सरकला' एवढं सांगायला हरकत नाही. त्यापुढे 'वकिलाशी बोलून सांगतो'. गप्पा लांबल्या की 'हो, तिच्याशी थोडी बाचाबाची झाली होती' असं एक वाक्य निसटतं आणि अपघाताचं ब्रँडिशिंग होतं.

घरी गेल्यावर त्याच दिवशी लिहून काढा: वेळ, जागा, अंगावरचे कपडे, होल्स्टरचं मॉडेल, कोण काय म्हणालं. तो शर्ट आणि होल्स्टर बाजूला ठेवा. दुकानाचं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांतच पुसलं जातं. ते जपून ठेवण्याची मागणी वकिलामार्फत लगेच पाठवा. हात पिस्तुलाकडे गेला नाही हे दाखवणारा बहुधा तोच एक पुरावा असतो. ग्रीन कार्ड असेल तर फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशन वकीलही पहिल्याच आठवड्यात गाठा. खटला रद्द झाला तरी अटक झाली असेल तर नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात ती लिहावीच लागते. निकालाची प्रमाणित प्रत तेव्हाच घेऊन ठेवा.

भांडणात

पार्किंगच्या जागेवरून, हायवेवर कट मारल्यावरून वाद झाला आणि शर्टाची कड नुसती उचलली, तर ते चुकून दिसणं राहत नाही. टेक्ससमध्ये घाबरवण्याच्या हिशेबाने सार्वजनिक जागी बंदूक दाखवणं ४२.०१ खाली क्लास बी मिसडिमीनर आहे, १८० दिवसांपर्यंत कैद. कलम ९.०४ म्हणतं की नुसतं शस्त्र पुढे करून धाक दाखवणं म्हणजे प्राणघातक बळ वापरणं नव्हे, पण बळ वापरण्याचं कायदेशीर कारण मुळात असेल तेव्हाच. शिवीगाळ हे असं कारण नाही. आणि वादाच्या भरात शर्ट खरोखरच आपोआप सरकला तर? तर शर्ट ओढण्याआधी एक पाऊल मागे घ्या आणि हात छातीसमोर उघडे ठेवा. नाहीतर तुम्ही झाकायला गेलात हे कुणालाच पटणार नाही.

भारतात जाताना

इथला परवाना तिथे चालत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. गोची होते ती बॅगेची. रेंजवर नेलेली पाठीवरची बॅग पुढच्या महिन्यात मुंबईच्या विमानात जाते आणि अस्तराच्या फाटलेल्या कोपऱ्यात एक काडतूस राहिलेलं असतं. भारतात ते आर्म्स ॲक्ट १९५९ खाली प्रकरण होतं. 'जाणीवपूर्वक ताबा' नव्हता या मुद्द्यावर उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केलेले आहेत, पण तोवर विमान चुकलेलं, पासपोर्ट अडकलेला आणि वकिलाची फी लागलेली असते. रेंजची बॅग प्रवासाला वापरूच नका. वापरावीच लागली तर ती उलटी करून झटका, प्रत्येक चेन उघडा आणि अस्तरावरून हात फिरवून बघा.